तूप बंद केलं, पण त्या जागी काय आलं?

चाळिशी-पन्नाशीत कधीतरी रक्ततपासणीचा कागद घरात येतो. त्यावर 'एलडीएल'पुढचा आकडा ठळक छापलेला असतो आणि त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात निकाल लागतो. तूप बंद. अंड्यातला पिवळा बलक बंद. शेंगदाणेही बंद, कारण ते 'तेलकट'. पण पोट कुठे गप्प बसतं? वरणभातावरच्या चमचाभर तुपाची कसर दोन घास जास्तीच्या भाताने भरून निघते, संध्याकाळच्या मूठभर दाण्यांऐवजी चहाबरोबर खारी किंवा चार मारी बिस्किटं येतात आणि 'डाएट चिवडा' नावाचा एक पाहुणा डब्यात कायमचा मुक्काम ठोकतो. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी केली, की एलडीएल होता तिथेच आणि ट्रायग्लिसराइड मात्र वर, असं बऱ्याच घरांत होतं. मग म्हणायचं, "एवढं पथ्य केलं, काही उपयोग नाही."

पथ्य अर्धंच झालेलं असतं. आहार आणि हृदय यांवर गेली साठ-सत्तर वर्षं जे संशोधन चाललंय, त्यातली मला सर्वांत उपयोगाची वाटणारी गोष्ट अगदी साधी आहे. ताटातून काय काढलं एवढ्याने काहीच ठरत नाही, त्या जागी काय वाढलं त्यावर सगळं ठरतं. हे असं का, हे कळायला आधी त्या कागदावरचे शब्द समजून घेऊ.

कागदावरचे तीन शब्द

कोलेस्टेरॉल हे विष नव्हे. प्रत्येक पेशीचं आवरण, पित्त, ड जीवनसत्त्व, कितीतरी संप्रेरकं यांसाठी शरीराला ते लागतं आणि त्यातलं बहुतेक आपलं यकृत स्वतःच तयार करतं. चरबी रक्तात विरघळत नाही, म्हणून ती प्रथिनांचं वेष्टन असलेल्या सूक्ष्म कणांमधून इकडून तिकडे नेली जाते. यकृताकडून निघून शरीरभर कोलेस्टेरॉल पोचवणारे आणि रक्तात रेंगाळणारे कण म्हणजे एलडीएल. उलट दिशेने, ऊतींमधलं कोलेस्टेरॉल यकृताकडे परत आणायला मदत करणारे ते एचडीएल. ट्रायग्लिसराइड म्हणजे साठवणीची चरबी; ती रक्तात किती फिरते आहे हे तिसरा आकडा सांगतो.

रक्तवाहिनी म्हणजे नळ आणि कोलेस्टेरॉल म्हणजे त्यात बसलेला गाळ, हे चित्र दवाखान्याच्या भिंतींवर नेहमी दिसतं. त्याने दिशाभूल होते. एलडीएलचे कण वाहिनीच्या आत साचत नाहीत, ते तिच्या अस्तराखाली शिरून अडकतात. पावसाळ्यात भिंतीत ओल मुरते आणि रंगाला फुगे येतात, तसंच काहीसं. अडकलेले कण गिळायला पांढऱ्या पेशी येतात, तिथे सूज धरते आणि वर्षानुवर्षं एक फुगवटा वाढत राहतो. त्यालाच प्लाक म्हणतात. एखाद्या दिवशी त्याचं पातळ आवरण फाटतं, त्या जागी रक्ताची गुठळी होते आणि काही मिनिटांत वाट बंद. म्हणूनच 'ब्लॉकेज फक्त चाळीस टक्के आहे' असं ऐकलेल्या माणसालाही झटका येऊ शकतो आणि गेल्याच महिन्यात ट्रेडमिलची चाचणी पास झालेल्यालाही.

ही मुरण विशी-तिशीतच सुरू होते. एलडीएल किती आहे आणि किती वर्षं तेवढा आहे, या दोन्हींचा हिशोब लागतो. एका लग्नातल्या जिलबीने काही होत नाही. रोजच्या डब्याने होतं.

तूप, तेल आणि खारी

यकृताच्या पेशींवर एलडीएलचे कण पकडून आत ओढणारे रिसेप्टर असतात. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी ते शोधले आणि त्याच कामासाठी त्यांना १९८५ चं नोबेल मिळालं. आहारात सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे तूप, खोबरेल, पामतेल यांत जास्त असणारी घट्ट चरबी, जास्त असली, की या रिसेप्टरांचं काम मंदावतं आणि एलडीएल रक्तात जास्त वेळ फिरत राहतो. सूर्यफूल, करडई, सोयाबीन, अक्रोड यांतली पॉलिअनसॅच्युरेटेड चरबी याच्या उलट काम करते. अंड्यातल्या कोलेस्टेरॉलचा परिणाम मात्र बहुतेकांच्या बाबतीत त्यामानाने थोडा असतो. अमेरिकेच्या आहारविषयक मार्गदर्शिकेने दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची जुनी मर्यादा २०१५ च्या आवृत्तीत काढूनही टाकली. तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉल-फ्री' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, तेही फसवंच आहे. वनस्पतिज तेलात कोलेस्टेरॉल मुळात नसल्यासारखंच असतं. पाहायचा आकडा सॅच्युरेटेड फॅटचा.

तो आकडा साधारण असा आहे. खोबरेल तेलात सुमारे ९० टक्के, तुपात ६० ते ६५, पामतेलात ५० च्या आसपास, शेंगदाणा तेलात १८ ते २०, सूर्यफुलात ११ आणि करडई-मोहरीत ७-८ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे सॅच्युरेटेड फॅटमधून येणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्यासाठी हे सुमारे २२ ग्रॅम होतात. लहान चमचाभर तुपात, म्हणजे पाच ग्रॅममध्ये, तीन ग्रॅम. मग वरणभातावरचं तूप इतकं वाईट का ठरावं? बाकीचं ताट जाग्यावर असेल तर ते मावतं. तूप अमृत आहे म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही, कारण सकाळच्या कॉफीत दोन चमचे, पोळीवर एक, भातावर एक आणि वर पनीर असा दिवस निघाला, तर त्या बावीस ग्रॅमांचं गणित दुपारीच संपतं.

आता खारीकडे या. मैद्याचे पदर सुटायला घट्ट चरबी लागते. ती वनस्पती तूप असते किंवा पामतेलाची मार्गरीन. क्रीमची बिस्किटं, बरंचसं फरसाण, पाकिटातले वेफर्स यांतही पामतेल असतं, कारण ते स्वस्त आहे आणि टिकतं. म्हणजे तूप सोडून खारी धरणाऱ्याची सॅच्युरेटेड फॅट तशीच राहते, वर मैदा आणि मीठ फुकट मिळतं. वनस्पती तुपात पूर्वी ट्रान्स फॅट, म्हणजे पातळ तेल घट्ट करताना तयार होणारी चरबी, भरपूर असायची. ती एलडीएल वाढवते आणि एचडीएल उतरवते, असं दुहेरी नुकसान. भारतात जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या औद्योगिक ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आहे, ही खरोखर चांगली गोष्ट झाली. तरी नाक्यावरच्या कढईत दिवसभर उकळत राहिलेलं काळपट तेल हा प्रश्न उरतोच. घरी पुऱ्या तळून उरलेलं तेल पुन्हा तळणीला न घेता एक-दोन दिवसांत फोडणीला संपवावं.

स्पेनमध्ये प्रेडिमेड नावाची मोठी चाचणी झाली. हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे ७४०० लोकांपैकी काहींना 'चरबी कमी खा' असा सल्ला दिला गेला, बाकीच्यांना भाज्या, कडधान्यं, मासे अशा आहाराबरोबर भरपूर ऑलिव्ह तेल किंवा रोज मूठभर सुकामेवा. तेल आणि सुकामेवा खाणाऱ्या गटांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताच्या घटना सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाल्या. लोकांची गटवारी करण्यात काही चुका आढळल्यामुळे २०१३ चा हा शोधनिबंध मागे घेऊन २०१८ मध्ये नव्याने प्रसिद्ध करावा लागला, पण निष्कर्ष फारसा बदलला नाही. याचा अर्थ ऑलिव्ह तेलाची महागडी बाटली आणा असा मी घेत नाही. चरबी सरसकट शत्रू नाही, एवढाच घेतो. आपल्याकडे शेंगदाणे, तीळ, जवस, कारळे आहेतच. दाण्याच्या कुटाला बंदी आणि मारी बिस्किटाला परवानगी, हा निकाल तर उलटाच लागायला हवा होता. चिया मागवण्याआधी घरातल्या जवसाच्या चटणीकडे बघा. ओमेगा-३ ही हृदयाला उपयोगी चरबी तिच्यातही असते. कोकणात, गोव्यात बांगडा आणि तारली मिळते. तिच्यातलं ओमेगा-३ शरीर थेट वापरू शकतं, आणि ही मासळी सुरमई-पापलेटपेक्षा स्वस्त. फक्त रव्यात घोळून खोल तेलात तळण्यापेक्षा कालवण करावं. वाटणातला ओला नारळ आणि खोबरेल तेल या दोन गोष्टीही एक समजू नयेत. नारळाबरोबर चोथा येतो आणि माणशी वाटणीला येतो तो थोडाच.

खरं दुखणं भात-पोळीच्या ढिगात

तेला-तुपावर एवढी चर्चा होते, पण माझ्या मते आपल्या ताटाचं मोठं दुखणं दुसरीकडे आहे. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीनुसार भारतीयांच्या ऊर्जेतला सुमारे ६२ टक्के भाग कर्बोदकांतून येतो आणि त्यातला मोठा वाटा पांढरा तांदूळ, दळलेली धान्यं आणि साखर यांचा. भात-पोळीचीही पचल्यावर साखरच होते. गरजेपेक्षा जास्त आलेल्या साखरेची यकृत चरबी बनवतं आणि ती ट्रायग्लिसराइडच्या रूपात रक्तात सोडतं. ट्रायग्लिसराइड चढले की एचडीएल उतरतं आणि एलडीएलचे कण लहान, संख्येने जास्त होतात. कागदावर एलडीएल 'बॉर्डरलाइन', ट्रायग्लिसराइड दोनशेच्या वर, एचडीएल पस्तीस आणि पोट पुढे आलेलं, हे आपल्याकडचं फार ओळखीचं चित्र आहे. असा माणूस तूप सोडून भात वाढवतो तेव्हा तो नेमकं चुकीचं बटण दाबत असतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे चित्र जगापुढे मांडलं. त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी बसलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, सारखाच, २२.३. युडकिन यांच्या शरीरातली चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबी जास्त. याची सुरुवात गर्भातच होते, हे पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या अभ्यासात दिसलं. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची, पण वजनातला फरक स्नायूंमध्ये जास्त होता, त्वचेखालच्या चरबीत कमी. म्हणून आपल्यासाठी वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप खरं बोलते. भारतीय पुरुषांमध्ये कंबरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर, बायकांमध्ये ८० च्या वर गेला, की वजन 'नॉर्मल' असलं तरी सावध व्हायचं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या नमुना ताटात धान्याचा वाटा ऊर्जेच्या ४५ टक्क्यांच्या आत ठेवला आहे आणि ताटाचा जवळजवळ अर्धा भाग भाज्या-फळांना दिला आहे. आपल्या घरात याच्या नेमकं उलट असतं. भाजी पोळीबरोबर तोंडी लावायला, पोळ्या चार. पिठल्याबरोबर भाकरी हे ठीक, पण मग कोशिंबीर हवी. बटाट्याची भाजी आणि पोळी हे तर पिठाबरोबर पीठ. मला विचाराल तर सुरुवात एका पोळीने करावी. चौथी पोळी उतरवा आणि तिच्या जागी वाटीभर मटकीची उसळ किंवा दुसरी वाटी भाजी घ्या. भूक राहत नाही, उलट चारच्या सुमाराला डबे हुडकायची वेळ येत नाही.

उसळीचं कौतुक नुसत्या प्रथिनांसाठी नाही. कडधान्यं, ओट्स, सातू, भेंडी, गवार, पेरू यांत विरघळणारा चोथा असतो. तो आतड्यात पित्ताम्लं धरून बाहेर घेऊन जातो. पित्त पुन्हा बनवायला यकृताला कोलेस्टेरॉल लागतं, ते यकृत रक्तातून उचलतं आणि एलडीएल उतरतो. ओट्स चांगले, पण मसाला ओट्सच्या पाकिटात मीठ किती आहे ते वाचावं, आणि घरात मसूर, वाल, चवळी, कुळीथ असताना ओट्सवाचून काही अडत नाही. ज्वारी-बाजरी-नाचणी अख्खी दळली जाते म्हणून मैद्यापेक्षा किंवा पांढऱ्या भातापेक्षा बरी. पण तीन भाकऱ्या त्या तीन भाकऱ्याच.

उपासाबद्दल दोनच वाक्यं. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' हे आपल्याच पूर्वजांनी म्हणून ठेवलंय. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, खिचडीत त्यातल्या त्यात भली गोष्ट दाण्याचं कूट. राजगिरा, ताक, काकडी, फळं यांवरही उपास होतो.

चहाचंही मोजा. कपात दोन चमचे साखर आणि दिवसात चार कप, म्हणजे साधारण ३५ ते ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना २५ ग्रॅमच्या आत राहिलात तर उत्तम म्हणते, आणि अजून शिऱ्याचा विषयही निघालेला नाही.

ताटाची डावी बाजू

मीठ लपून काम करतं, म्हणून त्यावर थोडं थांबू. जास्तीच्या सोडियमबरोबर शरीर पाणी धरून ठेवतं, वाहिन्यांमधलं रक्ताचं आकारमान वाढतं आणि रक्तदाब चढतो. चढलेला दाब वर्षानुवर्षं रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा करतो, आणि एलडीएल मुरायला तीच जागा सोपी पडते. सल्ला आहे दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट लहान चमचाभर, सगळं धरून. युरोप-अमेरिकेत बरंचसं मीठ पाकिटांतून पोटात जातं. आपल्याकडे ते आपल्याच हाताने डब्यातून पडतं आणि मग ताटाच्या डाव्या बाजूला लोणचं, पापड, चटणी, ठेचा होऊन पुन्हा येतं. पापडात मिठाबरोबर पापडखारही असतो, तोही सोडियमचाच. ढोकळ्यातला सोडाही त्याच घरचा. सैंधव रंगाने वेगळं असलं तरी जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. पाकिटावर मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं.

घराचा हिशोब किराण्याच्या यादीवरून होतो. चार माणसं, माणशी पाच ग्रॅम, तर महिन्याला ६०० ग्रॅम. एक किलोची पिशवी पन्नास दिवस पुरायला हवी, आणि तीही बाहेरचं काही खात नसाल तर. तेलाचंही असंच बघता येतं. पोषण संस्थेच्या नमुना ताटात माणशी रोज सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप धरलंय. चौघांना महिन्याला साडेतीन लिटरच्या आसपास, तूप-लोणी धरून. आपल्या घरी पाच लिटरचा डबा किती दिवसांत रिकामा होतो, ते आठवून पाहा.

मीठ एकदम तोडलं तर घरात बंड होतं. हळूहळू कमी केलं तर काही आठवड्यांत जिभेला तेवढंच पुरं वाटायला लागतं. डाव्या बाजूचं लिंबू आणि कोशिंबीर ठेवा, मिठाची चिमूट आणि पापड काढा. कोशिंबिरीत आयत्या वेळी मीठ घातलं तर कमीत भागतं, शिवाय पाणी सुटत नाही.

सोडियमला उलट दिशेने ओढणारं पोटॅशियम फळं, पालेभाज्या, डाळी, केळी, नारळपाणी यांतून येतं. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅश चाचणीत भाज्या, फळं आणि कमी चरबीचं दूध-दही वाढवलं, मीठ मात्र तेवढंच ठेवलं. तरी उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा आठ आठवड्यांत सरासरी ११ ने उतरला. एखाद्या गोळीने उतरावा तेवढा. चीनमध्ये ६०० खेड्यांतल्या सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्या गावांना नेहमीच्या मिठाऐवजी पाव भाग पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं, आणि पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. असं 'लो सोडियम' मीठ आपल्याकडेही दुकानात मिळतं. पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन अशी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका; रक्तातलं पोटॅशियम वाढणं हृदयाच्या ठोक्यांसाठी धोक्याचं असतं. वॉरफरीनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्यांनीही एकदम पालेभाज्यांचा मारा सुरू करू नये. रोजचं प्रमाण सारखं ठेवावं.

ताट बदलल्यावर सहा ते बारा आठवड्यांनी तपासणी करून पाहावी. ट्रायग्लिसराइड बहुधा आधी आणि जास्त उतरतात, एलडीएल सावकाश. बदल दिसला म्हणून मनाने गोळी बंद करायची नाही. एकदा झटका येऊन गेलेल्या माणसाचं काम नुसत्या ताटाने भागत नाही. आणि ताट कितीही नीट असलं तरी ज्यांचा एलडीएल १९० च्या खाली येतच नाही, त्यांच्यात त्या यकृतावरच्या रिसेप्टरांचाच जन्मजात दोष असू शकतो. तो आई किंवा वडिलांकडून येतो. अशा वेळी पथ्य मोडलं म्हणून त्या माणसावर रागावण्यात अर्थ नाही. औषध वेळेवर सुरू करावं आणि घरातल्या भावंडांची, मुलांचीही तपासणी करून घ्यावी, मुलं शाळकरी असली तरी.